तात्यांनी बायकोला बेडी म्हटलं

आमचे शेजारी वसंततात्या म्हशीची धार काढताना स्पॅनिश बोलतात. म्हैस ऐकते. माणसं पळतात.

मुलानं स्पेनची बायको केली, तेव्हा सुनेशी चार शब्द बोलता यावेत म्हणून तात्या ती भाषा शिकायला बसले. चारावर थांबले असते तर बरं होतं. पण जन्म साखर कारखान्यात गेलेला. "आक्का, शब्द पिळला की खाली लॅटिन निघतं," म्हणायचे. आणि पिळायचे ते नेमके प्रेमाचे. पणदऱ्याच्या डेअरीत, रांगेत उभं राहून सांगायचे, 'कोरासोन' म्हणजे काळीज, ते लॅटिन 'कोर'मधून आलं. मी चौथी शिकलेली. पण हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचं काळीज असं किटलीशेजारी ऐकलं, की मी दूध घालायचं विसरायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी बायकोला, सुमनला, 'एस्पोसा' म्हटलं. ती लाजली. मग यांनी अर्थ सांगितला.

"म्हंजे बायको. मूळ लॅटिन. जिचं वचन दिलं ती. आन अनेकवचन केलं की पोलिसाची बेडी."

"बेडी?" सुमन म्हणाली. "एवढी वर्सं भाकरी थापली, ती बेडी?"

दुपारच्या एसटीनं ती इंदापूरला भावाकडं गेली. साठीत माहेर.

तात्यांनी फोनवर व्याकरण समजावलं. तिनं फोन ठेवला. पुढं भावाचा निरोप आला, ती हितंच राहायचं म्हणते. तेव्हा तात्या माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला.

"आक्का, तुमी चला. तुमचं ऐकंल ती."

"चलते. पर तितं तोंड उघडू नका."

सुमन शेंगा फोडत बसली होती. वर बघितलं नाही. तात्यांनी अर्थातच तोंड उघडलं.

"एक शब्द हाय. करिन्यो. म्हंजे माया."

"आला आनि एक."

"त्याचं मूळ लॅटिन, कारेरे."

मी कपाळाला हात लावला.

"म्हंजे नसणं. एखादी गोष्ट आपल्यापाशी न्हाय, आन ती न्हाय म्हणून..." तात्या अडखळले. या माणसाला शब्द सापडत नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

सुमनचा हात थांबला. "करमत न्हाय म्हनायचंय का?"

"व्हय. त्येच."

"मग मराठीत सांगायला काय झालं हुतं?"

"मराठीत लाज वाटती गं."

एवढा लांबचा वळसा घालून माणूस बायकोपर्यंत आला होता.

सुमननं पदराला हात पुसले आणि आपली पिशवी कुठं ठेवलीय, ते भावजयीला विचारलं.