तांदळाची हरकत

वृंदाच्या लग्नात नवऱ्याने लिहिलेलं तिचं नवं नाव तांदळाने नामंजूर केलं.

लक्ष्मीपूजनाला निरंजनने तबकातल्या तांदळात अंगठीने ‘समृद्धी निरंजन कासखेडीकर’ असं सुवाच्य लिहिलं. पेढे फिरणार एवढ्यात दाणे सरकले आणि त्यांनी स्वतःच लिहिलं : वृंदा बुरांडे.

“तांदूळ कुणाकडचा?” गुरुजींनी विचारलं.

“मुलीकडचा,” सासूबाई म्हणाल्या.

“मग तो माहेरची बाजू घेणारच. आपल्या घरचा आणा.”

वृंदा मोटारी दुरुस्त करायची. पाण्याच्या पंपाची मोटार जळली की आसपासच्या अकरा गावांत एकच वाक्य ऐकू यायचं, ‘बुरांडेबाईंकडे टाक.’ नाव बदलणार नाही, हे तिने निरंजनला साखरपुड्याआधीच सांगितलं होतं. तो ‘आईशी बोलतो’ म्हणाला आणि बोललाच नाही. तिला त्याचा मनापासून राग आला होता.

घरचा इंद्रायणी निवडून आणला. निरंजनने या खेपेला अंगठी दाबून लिहिलं. तांदळाने त्याचं शेवटचं अक्षर पुरं होऊ दिलं, मग सगळं पुसून ‘वृंदा बुरांडे’ लिहिलं आणि खाली रेघ मारली.

“दोनदा हरकत आली. नाव बाद,” गुरुजी म्हणाले.

“वर दाद मागता येते?” काकांनी विचारलं.

“गव्हाकडे. पण गहू सहसा तांदळाच्या विरोधात जात नाही.”

निरंजन तबकाकडे बघत पुटपुटला, “मी आधीच सांगायला हवं होतं.”

“तबकाला काय सांगतोस? आईंना सांग,” वृंदा म्हणाली.

त्याने मान वर केली. “आई, ही वृंदा बुरांडेच राहणार. तिने मला आधीच सांगितलं होतं. माझीच हिंमत झाली नाही.”

वृंदाला इतका आनंद झाला की भर मांडवात शिट्टी मारावीशी वाटली.

सासूबाईंनी तबक आपल्याकडे ओढलं.

“गुरुजी, जुनी प्रकरणं घेता का? एकतीस वर्षांपूर्वीचं आहे.”

“याला मुदत नसते.”

त्यांनी तांदळावरून हलकेच हात फिरवला. दाण्यांना जरा वेळ लागला, पण एकेक अक्षर नीट उमटलं : गोदावरी ठोंबरे.

“ओ,” सासूबाईंनी हाकेला द्यावी तशी ओ दिली. डोळे भरून आले होते, तरी आवाज खणखणीत होता.

गुरुजींनी दोन्ही नावं मोठ्याने पुकारली. मागे काकू, आत्या आणि दोन शेजारणी रांगेत उभ्या राहिल्या होत्या. गोदावरी ठोंबरे यांनी तबक त्यांच्याकडे सरकवलं आणि पहिला पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.