भोंग्याविना हादरा

बांधकाम कचेरीतले कारकून गुणवंतराव दुर्गे यांना एकाच दिवशी दोन कागद मिळाले. एक बदलीचा, लांब जंगलातल्या एटापल्लीला. दुसरा भूकंपाचा. पहिला वाचून त्यांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि जमीन सरकल्यावर काय करायचं ते दुसऱ्यात कलमवार दिलेलं होतं; पण एवढं त्यांना तेव्हा कुठलं सुचायला!

साल अठ्ठ्याऐंशी. ऑगस्टात बिहारकडे मोठा भूकंप झाला, आणि त्याची धडकी सरकारला दिवाळीनंतर भरली. गावोगावी रंगीत तालीम घ्या, दोन मिनिटांत झाडून सारे मोकळ्या मैदानात आले पाहिजेत, असा हुकूम निघाला. कचेरीतल्या बाकीच्यांनी त्यावर सह्या केल्या आणि कागद गुणवंतरावांच्या टेबलावर येऊन थांबला.

"दुर्गे, नागपूरहून मोठे साहेब स्वतः बघायला येणार आहेत," हेडक्लार्क म्हणाले. "तालीम त्यांच्या मनाजोगी झाली तर बदली रद्द झालीच समजा."

गुणवंतरावांना हेच पाहिजे होतं. एटापल्ली काही वाईट गाव नव्हे. पण बायकोला, कांताबाईंना, नऊ वर्षांनी इथल्या शाळेत मास्तरकी मिळाली होती, मुलगी सीता यंदा दहावीला होती; म्हणजे जायचं एकट्यानं. आणि हा माणूस असा, की स्टोव्हची पिन कुठून घालतात तेही त्याला ठाऊक नाही. बायकोशिवाय आपलं पान हलत नाही, हे त्यांना पुरतं माहीत होतं. फक्त तिला कधी सांगितलं नव्हतं.

तालमीला गाव ठरलं पिपरबोडी, माजरीच्या अलीकडचं, त्यांचं राहतं. गावाला लागूनच कोळशाची उघडी खाण. रोज दुपारी अडीचला खाणीचा भोंगा वाजे, मागोमाग सुरुंगाचा बार उडे आणि सगळं गाव गदगदा हाले. हलायचं गावाला काही वाटत नसे. भोंगा झाला की बाहेरच्यांनी घरात शिरायचं, कारण एखादा गोटा उडून येई. आणि घरातल्यांनी फळीवरची भांडी धरायची. वीस वर्षं हेच. पाळण्यातलं पोरसुद्धा अडीचला आपला खुळखुळा घट्ट धरी, असं म्हणत.

गुणवंतरावांनी खाणीवाल्यांना विनंती करून पहिली तालीम रविवारी ठेवली. बार नाही, नुसता भोंगा. भोंगा वाजला. मैदानात चाळीसेक माणसं होती, ती दहा मोजेपर्यंत घरात. कुत्रीही ओट्याखाली. मधोमध गुणवंतराव एकटे, हातात घड्याळ. तेवढ्यात शेजारच्या बायनाबाईंनी त्यांना सदऱ्याला धरून आत ओढलं.

"बायनाबाई, बाहेर निंगाचं हाये, बाहेर! भूकंप हाये हा!"

"भूकंप असो का त्याचा बाप असो, भोंगा वाजला न? गोटा पडला टाळक्यात तर तुझं सरकार मले नवं टाळकं देईन काय? धर ही बरणी. लोणचं हाये, सांभाळून."

दोन मिनिटं होईपर्यंत गुणवंतराव बरणी धरून उभे राहिले.

मग त्यांनी शाळेची घंटा वाजवून पाहिली. पोरं दप्तरं घेऊन घरी पळाली, मोठं माणूस एक हललं नाही. शेवटी ते खाणीच्या मॅनेजरकडे गेले. "साहेब, भोंगा न वाजवता एक छोटासा बार उडवा न जी. लोकाइले खरं वाटन, निंगतीन बाहेर."

"अहो, भोंग्याविना इथं टिकलीसुद्धा फुटत नाही. माझी नोकरी जाईल," मॅनेजर म्हणाले. "फार तर साहेब येतील त्या दिवशी खाण बंद ठेवतो. तेवढीच शांतता."

त्या रात्री गुणवंतरावांना जेवण गेलं नाही. कांताबाईंनी तीनदा विचारलं, मग चिडून म्हणाल्या, "एवढं काय टेन्शन घेऊन राह्यले? बँड बोलवा. वरातीचा बँड वाजला का खाटेवरचं म्हातारंही दारात येते. आपली बायनाबाई तर जेवण टाकून येते."

गुणवंतराव बायकोकडे बघतच राहिले. अशा बाईला सोडून एटापल्लीला जायचं म्हणजे काय!

मूल गावाहून नईमभाईंचा बँड ठरला. गुणवंतरावांनी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं, "हे पाहा नईमभाऊ, तीन वाजता मी हिरवी झेंडी दाखवीन. झेंडी दिसली म्हणजे जमीन हालली असं समजाचं, अन् वाजवाचं. समजलं?"

"समज गया भाऊ. जमीन हिली, के बाजा चालू. फिकर मत करो."

ठरल्या दिवशी बुद्धविहारासमोरच्या मैदानात मांडव पडला. साहेब खुर्चीत. एका टेबलावर भूकंपानंतरच्या पुनर्वसनाचं सरकारी साहित्य: घमेली बारा, शिडी एक, आयोडीनची बाटली एक. अडीच वाजले, खाण गप्प. गावाला चुकल्यासारखं झालं. पावणेतीन झाले. झेंडी आणायला म्हणून गुणवंतराव ग्रामपंचायतीच्या खोलीकडे निघाले, आणि जमीन हलली.

रोजच्यासारखी नाही. आडवी हलली, लांबट. "आज उशीर केला लेकाच्याइनं," कोणीतरी म्हणालं आणि सगळा गाव शिस्तीत घरात शिरला. गुणवंतराव भानावर आले तेव्हा ते स्वतः खोलीत होते आणि फायलींचं कपाट त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. महिनाभर साऱ्या गावाला "बाहेर निंगा" सांगणारा माणूस!

"मेलो," ते कपाटाला म्हणाले.

पण नईमभाई मूल गावचे. त्यांना ना भोंग्याची सवय, ना बाराची. त्यांना एवढंच ठाऊक, की जमीन हलली की वाजवायचं. "हिली रे हिली! बजाव!" ते ओरडले, आणि भीतीनं दुप्पट जोरात वरातीची धून सुरू झाली. झालं! दारं उघडली, गाव लोटला. बायनाबाई लोणच्याच्या बरणीसकट नाचत आल्या. घड्याळात एक मिनिट दहा सेकंद.

मग बँड थांबला, लोक घरी गेले, पडलेली भांडी फळीवर लावली आणि चहा टाकला. नुकसान पाहायला साहेब चार घरं फिरले. पण भिंतींतली कोणती भेग आजची आणि कोणती खाणीची, हे घरमालकांनाच सांगता येईना. साहेबांनी वहीत लिहिलं: 'पुनर्वसन पूर्ण, चहासह, बारा मिनिटे.'

एवढ्यात खाणीवरचा जाफर सायकल टाकून धापा टाकत आला आणि गुणवंतरावांच्या कानाशी लागला. "भाऊ, खाण तर सकाळपासून बंद हाये. मंग हाल्लं काय?"

म्हणजे हा खराच भूकंप, हे गुणवंतरावांना आत्ता उमगलं. ते काही बोलणार, तोच साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दुर्गे, कमाल केलीत! हादरा बसला की सगळे घरात, मग दोन मिनिटांच्या आत बाहेर. आणि भोंगा नाही, आवाज नाही, हुबेहूब भूकंप! खाणीकडून असा हादरा बसवून घेणं सोपं नाही. तुमचीच ना ही योजना?"

खरं सांगावं असं गुणवंतरावांना वाटलं, अगदी मनापासून. पण समोर शाळेच्या पोरांना रांगेत उभं करणाऱ्या कांताबाई दिसल्या.

"हो जी," ते म्हणाले.

"वाटलंच मला!" साहेबांनी तिथल्या तिथे बदली रद्दच्या कागदावर सही केली. गुणवंतरावांनी तो कागद कपाळाला लावला, घडी करून वरच्या खिशात ठेवला, आणि कांताबाईंना लांबूनच हात केला. त्या हसल्या. असं सुख गुणवंतरावांनी फार दिवसांत अनुभवलं नव्हतं.

"आता ऐका," साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले. "मी मुंबईला आजच तार करतो. येत्या बुधवारी खुद्द मंत्रिमहोदयांना घेऊन येतो. बरोबर पावणेतीनला हाच हादरा द्यायचा. भोंगा नको. आणि जमलं तर याहून थोडा मोठा."

गुणवंतरावांनी खिशातला कागद काढला, नीट उलगडला आणि दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला.

"साहेब, हा तेवढा परत घ्या जी," ते म्हणाले. "अन् एटापल्लीची पहिली बस किती वाजता सुटते, मंगळवारची?"