मिलिंदमामांचं जर्मन

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पालममध्ये जर्मन भाषा बोलली जाते, आणि तिच्यातलं प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. हा सगळा मिलिंदमामांचा प्रताप!

मामा माझे शेजारी. वीसेक वर्षं ते बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. 'परभणीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे' हे दोनदा म्हणायचं आणि मधे एकदा घसा खाकरायचा. पुढे घरीही तेच सुरू झालं. "भाकर वाढ. भाकर वाढ." लोक हसायचे, मामांना त्याचा पत्ताच नसायचा.

पन्नाशी उलटल्यावर हा गृहस्थ स्वेच्छानिवृत्ती घेऊन जर्मन शिकायला बसला. कारण सुजाता, त्यांची भाची. आईविना पोर, मामांनीच वाढवलेली. घरात ती आणि मामा, तिसरं कुणी नाही. तिचं नर्सिंग झालं. जर्मनीत नर्स हव्यात असं कळलं, पण भाषेची परीक्षा आडवी आली. पुण्यात राहून क्लास लावणं काही जमेना.

"मंग मीच शिकतो अन् तुला शिकवतो," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, या वयात?"

"लय सोपं हाय हो. फलाट बदलायचा. फलाट बदलायचा."

दोन वर्षं मोबाईलवर धडे ऐकून त्यांनी स्वतः परीक्षा दिली आणि बुद्धविहाराच्या हॉलमध्ये वर्ग काढला. सुजाता आणि तिच्या पाच मैत्रिणी. दुपारी पंखा गरगरत असायचा. मामा मुलींना डोळे मिटायला लावायचे आणि जर्मनीतल्या एका गावात फिरवून आणायचे. ते गाव कुठल्या नकाशात नाही, मामांनीच वसवलंय. पाववाल्याचं दुकान, पुढं घड्याळाचा मनोरा, मग नदी आणि तिच्यावर दगडी पूल. पुलावर बर्फ पडायचं. 'हळू चाला' असं मामा जर्मनमध्ये सांगायचे, आणि बाहेर ऊन रणरणत असताना मुली ओढण्या घट्ट करायच्या. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. एकदा वह्या द्यायला गेलो आणि दारातच डोळे मिटून उभा राहिलो. शपथेवर सांगतो, गार वाटलं.

पुण्याला तोंडी परीक्षेत साही मुली प्रत्येक वाक्य दोनदा बोलल्या, मधे घसा खाकरून. परीक्षक बाईंनी न राहवून विचारलं, "तुमच्याकडे अशीच पद्धत आहे का?" पण साहीजणी पास झाल्या. मामांनी गल्लीभर पेढे वाटले.

सुजाता गेली. मागोमाग बाकीच्याही गेल्या. एका संध्याकाळी मामा दुकानात येऊन नुसतेच बसले.

"नव्या पोरी येतील की," मी म्हटलं.

"येतील. त्या बी जातील. चांगलं शिकवलं की पोरगी जातीच." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमी कुठं जाणार न्हाईत ना?"

"मी? मी परभणीला जातो महिन्यातून एकदा, माल आणायला."

"मंग शिका की."

मला नाही म्हणवेना.

आता दुकान बंद केलं की मी मामांकडे जाऊन बसतो. सहा महिने झाले, अजून पहिल्याच धड्यावर आहे. मामा कपाळाला हात लावतात आणि पुन्हा पहिल्यापासून समजावतात. खरं तर तो धडा मला केव्हाच पाठ झालाय. पण तो आला म्हटलं की दुसरा येणार, मग तिसरा, आणि असं करत एक दिवस पुस्तक संपणार. म्हणून मी रोज चुकतो.