सात बुरुजांची राणी

बायकोनं बावीस वर्षांनी पुन्हा इतिहासाची पुस्तकं उघडली, तेव्हा तिला मदत करायचं सर्वज्ञांनी ठरवून टाकलं. मदत कुणी मागितली नव्हती. पण तेवढ्यानं थांबतील तर ते सर्वज्ञ कसले! ते पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते आणि हे नाव त्यांना तिथल्या सहकाऱ्यांनी दिलं होतं. (कौतुकानं दिलं, असा त्यांचा समज. त्यांचे असे बरेच समज होते.)

लग्नामुळे तिचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. लेक शिकायला परगावी गेली आणि हिनं एम.ए.ला नाव घातलं. पहिलाच निबंध ‘सागरी व्यापारातल्या स्त्रिया’ आणि तो वर्गात उभं राहून वाचायचा. निम्म्या वयाच्या पोरांसमोर!

“ग्रंथालयात दोनच पुस्तकं मिळाली हो,” ती म्हणाली. “इंटरनेटवर चांगलं काय आहे, ते कॉलेजातल्या बाईंना विचारते.”

“बाईंना कशाला? मी काय मेलोय?”

“तुम्हाला इतिहासातलं काय कळतं?”

“अगं, कळायचं तुला. मी फक्त शोधायचं!”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोध मांडला. आधी एका संग्रहालयाची साइट उघडली. जुनी पत्रं, फिकट शाई, अक्षर लागेना. बंद. मग एका विद्यापीठाची. चार ओळी मजकूर आणि खाली वीस ओळी तळटीपा. बंद. तिसरी उघडली आणि सर्वज्ञांचा घास हातातच राहिला. सात बुरुजांचा बेटावरचा किल्ला, जहाजांचा ताफा आणि त्यावर हुकूमत गाजवणारी राणी! रंगीत नकाशे, तारखा, वंशावळ. इतिहास असावा तर असा!

छापून घेतलेला मजकूर मात्र जरा गबाळा होता. ‘राणी तीन वेळा मरते’ असं एका ठिकाणी होतं. छपाईची चूक म्हणून त्यांनी ते खोडलं. ‘निळं रत्न मिळाल्यास राणीची शक्ती दुप्पट होते’ याचं त्यांनी ‘रत्नांच्या व्यापारामुळे राणीची सत्ता बळकट झाली’ असं केलं. तीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे सुधारलेला हात तो!

“हे लिहिलंय कुणी?” बायकोनं कागद उलटसुलट करून विचारलं.

“तज्ज्ञ मंडळ आहे मोठं.” (साइटच्या तळाशी ‘आमची टीम’ असं होतं, एवढंच.)

“तुम्ही नीट वाचलंय ना?”

“ओळ न् ओळ!”

निबंधाच्या दिवशी अर्धी रजा टाकून ते वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बायकोचा आवाज आधी कापत होता. पण पहिली चार पानं तिच्या स्वतःच्या अभ्यासाची होती, तिथं आवाज स्थिरावला. बाई मान डोलवायला लागल्या. मग राणी आली.

पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी चुळबुळली, तोंडावर हात दाबला, पण शेवटी तिला राहवेना.

“काकू, ही राणी गेममधली आहे. मोबाइलवरच्या. काल मी तिला दोनदा मारलं.”

वर्गात हशा पिकला. बायकोच्या हातातला कागद तसाच अधांतरी राहिला. बाईंनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि विचारलं, “हा संदर्भ कुठला?”

सर्वज्ञांनी छताकडे पाहिलं. आता ती मागं वळणार, बोट दाखवणार. दाखवलं असतं तर त्यांच्याकडे उत्तरं तयार होती. पण ती वळलीच नाही.

“मी तपासायला हवं होतं, बाई. चूक माझी आहे.”

सर्वज्ञांचे कान तापले. बाकाखाली शिरता आलं असतं तर ते शिरले असते. पण ते उठून उभे राहिले, उठताना गुडघा बाकावर आपटला आणि सगळा वर्ग मागं बघायला लागला.

“मॅडम, ते मी शोधलं. कुणी लिहिलंय असं तिनं विचारलं होतं. मी थाप मारली.” इथं थांबायला हरकत नव्हती. पण खरं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते कुठं थांबवावं हेही कळत नाही. “आणि मूळ मजकुरात ती तीन वेळा मरत होती. ते मी खोडलं.”

या वेळी बाईंनाही ओठ दाबून धरावे लागले. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं : कुणी लिहिलं? केव्हा? कशाच्या आधारे? आणि भरवशाच्या साइट्स म्हणून सांगितल्या त्या नेमक्या त्याच, संग्रहालयाच्या आणि विद्यापीठाच्या.

घरी जाताना तिची पिशवी त्यांनी स्वतःहून घेतली.

“रागावलीस?”

“नाही.” ती म्हणाली, “पोरं हसली त्याचं काही नाही. तुम्ही ‘ओळ न् ओळ’ म्हणालात आणि मी पुढं विचारायचं थांबले, त्याचं वाईट वाटतंय.”

पुढचे तीन आठवडे सर्वज्ञांनी शोधाशोध सोडून फक्त चहा केला. तिनं संग्रहालयातली ती फिकट पत्रं भिंग लावून वाचली, जहाजं चालवणारी एक खरीखुरी विधवा शोधून काढली आणि निबंध पुन्हा वाचला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवालीनं सगळ्यात जोरात.

पुढचा निबंध ‘इतिहासात चुकीची माहिती कशी शिरते’ यावर होता. त्यासाठी तिनं नवऱ्याला समोर बसवून रीतसर मुलाखत घेतली. निबंध तपासून आला, तेव्हा मुलाखतीच्या पानावर बाईंचा लाल शेरा होता : ‘स्रोत अस्सल आहे. मात्र त्याच्या एकाही विधानावर विसंबू नये.’

सर्वज्ञांनी शेरा दोनदा वाचला आणि हळूच विचारलं,

“अस्सल म्हणाल्यात ना त्या?”