येथे फुंकर मारू नये

उत्तममामांच्या दुकानात तुम्ही चपला घालून आत या, बिडी ओढा, समोरच्या खुर्चीत बसून दुपारची झोप काढा. मामा हूं की चूं करणार नाहीत. फक्त व्हिडिओ गेमची कॅसेट तोंडाजवळ नेऊन तिच्यात फुंकर मारू नका. मारलीत, तर खाली मान घालून काम करणारा हा साठीचा गरीब माणूस असा काही गरजतो, की भिंतीपलीकडे माझ्या मेडिकलमध्ये गोळ्या मोजताना माझा आकडा चुकतो.

"काहून फुकून राहिला? चूल हाय का ती?"

दुकानात गेरूने लिहिलेली पाटीच आहे: 'येथे फुंकर मारू नये.' आमच्या जवळा बाजार गावात नवा आलेला माणूस ती वाचून बिचकतो. त्याला वाटतं, आत कुणी अंगारे-धुपारे करणारा बसायचा आणि त्याने आता धंदा बंद केला आहे.

आत बसतात मामा, आणि दुरुस्त करतात जुने व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा डबा, त्याला वायरने लटकणारे दोन रिमोट आणि वरून खोचायची जाड कॅसेट. तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल, तर एखादी उन्हाळ्याची सुट्टी त्यात घालवली असेलच. चित्र आलं नाही की कॅसेट काढून फुंकरही मारली असेल. सगळ्या देशाने मारली आहे. म्हणजे मामांचं भांडण सगळ्या देशाशी आहे.

आता हे डबे कोण वापरतं, असं मलाही वाटायचं. पण कुणीतरी मामांचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्यांना आपापल्या गावच्या माळ्यावरचे डबे आठवले. तेव्हापासून दर आठवड्याला जीपवाले दोन-तीन पुडकी मामांच्या दारात टाकून जातात.

मामांचं घराणं मेंढ्या राखणारं. ते रेडिओचं काम शिकायला परभणीला गेले होते हे खरं, पण तपासायची पद्धत त्यांनी मेंढवाड्यातूनच उचलली. डबा आला की आधी ते त्याला हुंगतात. मग झाकण काढतात, चालू करतात आणि आतल्या भागांना बोटाची उलटी बाजू लावून बघतात. "ताप हाय," म्हणतात. "खाऊन राहिलं, पण अंगी लागंना." मीटर लावायचं ते सगळ्यात शेवटी. दुरुस्त झालेल्या प्रत्येक डब्याच्या पोटाला गेरूचा एक ठिपका देतात. का, तर "कळपात मिसळलं तर आपलं वळखू आलं पायजे." हा डबा पुण्यात कुठल्या कळपात मिसळणार आहे, हे विचारायची सोय नाही.

आणि गिऱ्हाइकाने घाई केली की वाक्य ठरलेलं. "घाई मेंढराला न्हाई, मशिनीला न्हाई. घाई फकस्त गिऱ्हाइकाला."

माझा आणि त्यांचा संबंध स्पिरिटचा. कॅसेटच्या पिना आधी खोडरबराने घासायच्या आणि मग कापसाच्या बोळ्याने स्पिरिट फिरवायचं, ही मामांची रीत. त्यासाठी आठवड्याला एक बाटली माझ्याकडून जाते. आता एक म्हातारा दर आठवड्याला स्पिरिटची बाटली घेऊन जातो म्हटल्यावर गावाने जो लावायचा तो अर्थ लावला. एका भल्या माणसाने मला येऊन बजावलं, "ताई, देत नका जाऊ त्याला. लिवर जाईल." मी ते मामांच्या कानावर घातलं. मामा थोडा विचार करून म्हणाले, "बराबर हाय. ज्याला लिवर हाय त्यानं घेऊ नये. कॅसेटीला न्हाई."

एकदा कनेरगाव नाक्याचा एक ढाबेवाला डबा घेऊन आला. चित्र येत नव्हतं, नुसत्या मुंग्या. मामांनी हुंगलं, हात लावला आणि विचारलं, "दुसऱ्याच कशाचा तरी अडाप्टर लावला न्हवं?" ढाबेवाला म्हणाला, "पिन बसली की." मामा म्हणाले, "पिन बसंल हो. माझी चप्पल तुमच्या पायात बी बसंल." करंट उलटा शिरला होता आणि आतला एक भाग जळला होता. तो बदलून मामा कथलाचा डाग देत होते, तेवढ्यात ढाबेवाल्याने सवयीने कॅसेट उचलली आणि फूः केलं. मामा गरजले. मग त्यांनी कॅसेट खोलली, चिमट्याने आतून काहीतरी वेचून एका बशीत ठेवलं आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. तंबाखू होती.

"वळखा," मामा म्हणाले. "तुमचीच हाय का, का अजून कुनाची?"

फुंकरीचं शास्त्र त्यांनी मला दहा वेळा तरी समजावलं असेल. फुंकल्याने कॅसेट चालत नाही. काढून परत बसवल्याने पिना नीट टेकतात आणि म्हणून चालते. थुंकीने उलट पिनांना हिरवी बुरशी चढते. "काम बसवन्याचं," मामा म्हणतात, "आन फुकनारा फुकट नाव कमावतोय."

पण एवढ्यासाठी माणूस एवढा ओरडेल? मला त्यांच्या फळीवरचा एक डबा बघितला की हा प्रश्न पडायचा. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक डब्याला मामा कापडाची चिंधी बांधतात, तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव. सगळ्यात वरच्या फळीवरच्या डब्याची चिंधी म्हणायची, 'सुदाम, गोरेगाव.' मुंबईचं नव्हे, हिंगोलीपलीकडचं गोरेगाव. मी मेडिकल टाकलं तेव्हापासून तो तिथेच. पोटाला गेरूचा ठिपका, म्हणजे काम झालेलं. चिंधीवरची शाई उडाली की मामा नवी चिंधी बांधतात. मंगळवारी डबा खाली काढून पुसतात, पाच मिनिटं चालू करतात, हात लावून ताप बघतात आणि परत वर ठेवतात. कॅसेट मात्र त्यात कधी घालत नाहीत.

"गिऱ्हाईक नेत का नाही?" मी विचारलं होतं.

"येईल. गिऱ्हाईक हाय, जातंय कुठं?"

खरं काय ते मामींनी सांगितलं. मामी माझ्याकडे गुडघ्याचं मलम न्यायला येतात आणि मलमापेक्षा जास्त वेळ बसतात. सुदाम म्हणजे मामांचा धाकटा भाऊ. दोघांनी एक कोकरू विकून नांदेडहून तो गेम आणला होता. दिवसभर मेंढरामागं आणि संध्याकाळी गेमपुढं. एक दिवस चित्र येईना. सुदामने त्याच्या सवयीप्रमाणे फुंकर मारली, आणि नको म्हणून दहादा सांगून थकलेल्या मामांनी त्याच्या थोबाडीत दिली. लग्न झालेल्या भावाच्या, आणि त्याचे सासरे ओट्यावर बसलेले असताना.

"मंग काय," मामी म्हणाल्या, "मला येगळं काढा म्हनला. पंच बसले. मेंढरं निम्मी, भांडी निम्मी, घोंगड्या निम्म्या. ऱ्हायला ह्यो गेम. पंच म्हनले, वस्तू दोन, भाऊ दोन. डबा थोरल्याला, कॅसेट धाकट्याला. कुनी हसलं बी न्हाई, ताई."

तो सासरवाडीला गोरेगावला गेला. तेव्हापासून, म्हणजे वीस-बावीस वर्षं, बोलणं नाही. मामा तो डबा दुरुस्त करत बसले, आणि डबे दुरुस्त करण्याचाच त्यांचा धंदा झाला.

"मग फोन का करत नाहीत?"

"डबा नीट झाला की करतो म्हनत्यात. डबा नीट होऊन किती वर्सं झाली, इचारा."

त्या दिवसानंतर मामा कुणावर ओरडले की मला पूर्वीसारखं हसू येईना. देशभरातल्या फुंकणाऱ्यांवर ते ओरडत होते, पण राग होता तो स्वतःच्या हातावर. आणि तो हात दुसऱ्या कशाला लावावा हे न कळून ते मशिनींना ताप आहे का बघत होते.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात एक उंच माणूस आला. डोक्याला रुमाल, हातात गाठोडं. त्याने डोकेदुखीची गोळी मागितली, ती खिशात घातली आणि तिथेच उभा राहिला. बराच वेळ.

"शेजारचा मिस्त्री लई वरडतो म्हनं," अखेर तो म्हणाला.

"फुंकर मारली तरच."

"अजून?" तो म्हणाला.

त्या एका शब्दावरून मला कळलं हा कोण ते. गोरेगावहून हिंगोली, हिंगोलीहून औंढा, औंढ्याहून इथे, एवढ्या जीपा बदलून आलेला माणूस शेवटच्या एका भिंतीपाशी अडला होता. मी म्हटलं, "चला, मला पण तिकडंच काम आहे," आणि त्याला घेऊन गेले. काम काहीच नव्हतं.

मामा एका रिमोटची वायर जोडत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "नाव?"

"सुदाम."

वायर तशीच राहिली. मान मात्र वर झाली नाही.

"गाव?"

"गोरेगाव."

मामा उठले, स्टूल घेतलं, वरचा डबा खाली काढला. "तुमचं काम झालंय," म्हणाले. "लई दिवस झाले."

सुदामने गाठोडं सोडलं. आत घोंगडीचा तुकडा, त्याच्या आत ती कॅसेट. मामांनी ती खोचली. टीव्हीवर मुंग्या आल्या. काढली, पिनांवरून खोडरबर फिरवला, परत खोचली. मुंग्याच. मग बाटली उलटी करून बघितली. रिकामी.

"ताई, स्पिरिट."

मी पळत गेले, बाटली घेऊन पळत आले, आणि दारात थबकले. सुदामच्या हातात कॅसेट होती, ती तोंडाजवळ गेली होती, गाल फुगले होते, आणि त्याच क्षणी त्याला समोरची पाटी दिसली असावी. पन्नाशी ओलांडलेला माणूस गाल फुगवून तसाच उभा राहिला. त्याने मामांकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

"मार की," मामा म्हणाले. "कवाधरनं भरून ठिवलीस?"

सुदामने फुंकर मारली. चांगली, थुंकीसकट. कॅसेट बसवली आणि पडद्यावर चित्र आलं, सोबत ती टिणटिण वाजणारी धून. मामांनी एक नंबरचा रिमोट धाकट्याच्या हातात दिला आणि दोन नंबरचा स्वतः घेतला.

"तुझ्या फुकीत अजून दम हाय, सुदाम," ते म्हणाले.

काम बसवण्याचं असतं, हे मला दहा वेळा सांगणारा माणूस हे बोलत होता. माझे डोळे भरून आले, आणि मी बाटली घेऊन माझ्या दुकानात परत गेले.

पाटी अजून आहे. ओरडणंही आहे; कालच वसमतच्या एका माणसाला चूल ऐकवली. फक्त पाटीवर खाली, त्याच गेरूने, बारीक अक्षरांत दोन शब्द वाढले आहेत: 'सुदाम सोडून.'