साहेबांचे चार शब्द

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी स्टोअरकीपरच्या फोनवर मॅनेजरसाहेबांचे चार इंग्रजी शब्द येऊन पडले : 'वी नीड टू टॉक.' साहेब काचेपलीकडे, जेमतेम बारा पावलांवर बसले होते. पण महिन्याभरापूर्वी कारखान्यात नियम निघाला होता, लेखी जे काही असेल ते इंग्रजीतच. आणि लेखी नसलेलं आता कोणी बोलतच नव्हतं.

स्टोअरकीपरने 'नोटेड' असं रुबाबदार उत्तर धाडलं आणि खात्री करावी म्हणून घरी लेकीला फोन लावला.

"बाबा, 'कॅन वी टॉक' म्हणालेत की 'वी नीड टू टॉक'?"

"नीड. का गं?"

"अरे देवा! पहिलं म्हणजे नुसतं बोलणं. दुसरं आलं की काहीतरी संपलंच. माझ्या मैत्रिणीचं ठरलेलं लग्न यानेच मोडलं."

"माझं कुठे साहेबांशी लग्न ठरलंय?"

"मग नोकरी."

एकोणीस वर्षं झाली होती इथे, दुसरं काही येतही नव्हतं. तेवढ्यात बायकोने फोन ओढून घेतला. "काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं!"

"काही न करणाऱ्यालाच आधी काढतात."

खाई त्याला खवखवे! मागच्या वर्षी घरी नेलेली चिकटपट्टी त्याला आठवली. काचेतून साहेब चोरून बघत होते आणि नजरानजर होताच मान फिरवत होते. आता संशयच उरला नाही. हाकलून देण्याआधी आपणच आवरलेलं बरं, म्हणून त्याने ड्रॉवर पिशवीत रिकामा केला. साहेब ताडकन उठले आणि त्यांनी हातानेच आत बोलावलं.

"साहेब, चिकटपट्टी मीच नेली. पण पोटावर पाय देऊ नका!"

"कसली पट्टी? राजीनामा का देताय ते सांगा आधी!" साहेबांना घाम फुटला होता. "साधं 'शुअर' नाही, 'ओके' नाही, डायरेक्ट 'नोटेड'! मुलाला विचारलं, तर म्हणे असं लिहिणारा आतून धुमसत असतो. वर तुम्ही ड्रॉवर रिकामा केलात! तुम्ही गेलात तर इथला एक नट तरी सापडेल का कुणाला?"

"मी कशाला जातोय? माझी लेक म्हणाली, 'नीड' आलं की नोकरी गेलीच! तुम्हाला बोलायचं काय होतं?"

"माझ्या कपाटाची दुसरी किल्ली आहे का, एवढंच."

दोघंही मटकन खुर्च्यांत बसले. स्टोअरकीपरने पिशवीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांच्या अहवालावर हेड ऑफिसचं उत्तर आलं होतं, एकच शब्द : 'इंटरेस्टिंग.'

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो," ते हळूच म्हणाले, "तुमची लेक आहे का घरी अजून?"