साहेबांचा हट्ट, बटण

आत्याची दृष्टी गेल्यापासून ग्रंथालयातली बोलकी पुस्तके तिच्यासाठी भाचा मागवत असे. आणि भाचा सद्गुणी असल्यामुळे पुस्तकेही सद्गुणी येत. पाठीच्या कण्याची निगा, क्षमेचे सामर्थ्य आणि उतारवयातील पचन हे तिन्ही विषय तिने अथपासून इतिपर्यंत ऐकले होते. "एखादी खुनाची कादंबरी नसते का रे तिथे?" असे तिने एकदा विचारून पाहिले. भाचा मायेने म्हणाला, "आणि मग झोप कशी लागणार तुला?" दुसऱ्याच्या झोपेची जबाबदारी घेतलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आत्याने विषय सोडला. मनातून मात्र सोडला नाही.

म्हणूनच ग्रंथालयाची नवी वेबसाइट भाच्याच्याच कंपनीत तयार होते आहे हे कळले तेव्हा ती ताठ बसली.

"म्हणजे माझं मी मागवू शकेन?"

"अगदी. तुझा फोन वाचून दाखवतो ना, तसंच. बोट ठेवलंस की बटण आपलं नाव सांगेल. दोनदा टिचकी मारलीस की काम झालं."

"आणि मी काय मागवलं ते तुला कळणार नाही?"

"मला कशाला कळायला हवं?"

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली.

कंपनीत त्याच आठवड्यात साहेबांनी बटण या विषयावर सभा बोलावली. ज्ञानाची आवश्यकता जितकी कमी तितकी सभा लांबते, या न्यायाने ती दुपारपर्यंत चालली. निष्पन्न झालेली कल्पना मात्र, अपघाताने का होईना, चांगली होती. "बटण एकच बनवा," साहेब म्हणाले. "रंग बदलता यावा, आकार बदलता यावा, सावली बदलता यावी. उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं की तेच बटण, नुसते कपडे नवे."

भाच्याने ते बनवले आणि त्यात स्वतःची एक अट घातली: नावाचा रकाना रिकामा असेल तर बटण पानावर उमटणारच नाही. डिझायनरबाईंना ही अट म्हणजे कलेवर घातलेली धाड वाटली.

"पुस्तकाचं चित्र आहे, त्यावर बाण आहे. लहान मूलसुद्धा ओळखेल."

"आत्या नाही ओळखणार."

"अरे, पण अक्षरं आली की सगळी शोभा जाते."

"अक्षरं येणारच नाहीत. नाव दिसत नाही, फक्त ऐकू येतं."

यातले 'दिसत नाही' एवढेच बाईंच्या ध्यानात राहिले. ज्या गोष्टी दिसत नाहीत त्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. शिवाय साहेब रोज त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून "हे जरा मोठं", "हे जरा आणखी गोल", "मध्ये एखादं चमकणारं हवं" असे सुचवीत होते. रकाना भरणे सक्तीचे होते. कशाने भरावा याला बंधन नव्हते. बाईंनी तो मनात येईल त्याने भरला.

मग तपासणीच्या यंत्रणेने प्रत्येक बटणाला नाव आहे की नाही एवढेच पाहिले आणि पैकीच्या पैकी गुण दिले. माणसांच्या परीक्षाही याहून फारशा निराळ्या नसतात. तो हिरवा शिक्का पाहून भाचा इतका कृतार्थ झाला की एकाही बटणावर बोट ठेवून त्याने काही ऐकले नाही. साहेब तर त्याहून पुढे गेले. ग्रंथपालबाई काम पाहायला येतील तेव्हा प्रात्यक्षिक आत्याच करून दाखवतील, असे त्यांनी परस्पर जाहीर केले.

त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी स्वतःचेच खाते उघडून फोन आत्याच्या हाती दिला. सर्वांना नीट ऐकू यावे म्हणून साहेबांनी फोन भिंतीवरच्या स्पीकरला जोडला. आत्याने बोट ठेवले.

"काहीतरी गोल, बटण," भिंत म्हणाली.

बोट सरकले. "साहेबांचा हट्ट, बटण."

खोलीत कोणीतरी खाकरले. "हे काय करतं?" आत्याने विचारले.

"चमकतं," डिझायनरबाई टेबलाकडे बघत म्हणाल्या.

"आणि दाबल्यावर?"

"जास्त चमकतं."

"मग नाव चोख आहे," आत्या म्हणाली आणि पुढे गेली.

"पुन्हा साहेब, बटण." साहेबांनी "थांबा" म्हणेपर्यंत दोन टिचक्या पडल्या होत्या. "आपले सदस्यत्व कायमचे रद्द करायचे का? वैताग, बटण. बघू, बटण."

आत्याने क्षणभर विचार केला. "आमच्या घरात तरी बघू म्हणजे नाहीच," असे म्हणून तिने 'बघू' निवडले.

"सदस्यत्व रद्द झाले," भिंतीने कळवले.

"ते माझं खातं होतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि पर्स उचलून उठल्या. साहेब भाच्याकडे पाहू लागले, भाचा डिझायनरबाईंकडे आणि बाई स्वतःच्या चपलांकडे. ते काम हातचे जात होते आणि कामाबरोबर आत्याच्या कादंबऱ्याही.

"बाई, बसा हो जरा," आत्या म्हणाली. "बाकीच्या ठिकाणी बोट ठेवलं की नुसतं बटण, बटण, बटण. कशाचं ते कोणी सांगत नाही. इथे एकूण एक बटण काहीतरी बोललं. भांडं चांगलं आहे, आत कचरा भरलाय. कचरा काढता येतो."

ग्रंथपालबाई अर्धवट बसल्या. "कधी काढणार?"

"आत्ता," डिझायनरबाई म्हणाल्या. खुर्ची ओढून त्या आत्याशेजारी बसल्या, डोळे मिटले आणि फोन हातात घेतला. 'काहीतरी गोल'वरून 'वैताग'वर आणि तिथून पुन्हा 'काहीतरी गोल'वर असे बराच वेळ फिरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मी बनवलेलं पान आहे हे. आणि मला बाहेर कसं पडायचं तेच कळत नाहीये."

"डावीकडे वर बघा, तिथे असतं बहुतेक," आत्याने धीर दिला.

संध्याकाळपर्यंत 'पुस्तक मागवा', 'मागे जा', 'सदस्यत्व रद्द करा', 'नको, राहू दे' अशी नावे पडली. ग्रंथपालबाई आपल्याच ग्रंथालयाच्या नव्याने सदस्य झाल्या. तेही डोळे मिटून, एकटीने, पहिल्याच प्रयत्नात. काम पक्के झाले.

"आणि माझ्या चमकणाऱ्या बटणाचं काय नाव ठेवणार?" साहेबांनी जाता जाता विचारले.

डिझायनरबाईंनी आत्याकडे पाहिले. "ठेवलेलं आहे की," आत्या म्हणाली.

वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी जेवण उरकून आत्या आपल्या खोलीत गेली, दार लावून घेतले आणि कोणाला काही कळू नये म्हणून दोन्ही कानांत इयरफोन घातले. ते फोनला जोडायचे राहून गेले होते.

बाहेर सोफ्यावर बसलेल्या भाच्याला दारापलीकडून खणखणीत आवाज आला: "पाण्याच्या टाकीतला वकील, भाग तिसरा. पुस्तक मागवा, बटण."

मग दोन टिचक्या ऐकू आल्या. मग, फार दिवसांनी, आत्या स्वतःशीच हसली.

भाचा उठला आणि त्याने रेडिओ लावला. नेहमीपेक्षा बराच मोठा.

"आवाज कमी कर रे," आत्या आतून म्हणाली. "पाठीच्या कण्याचं ऐकतेय मी."

"बरं," भाचा म्हणाला आणि आवाज आणखी थोडा वाढवला.